घर्मांतर

वसमतच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल. त्यावर वडिलांचं मशीन.
मार्चमध्ये त्याचा ध तुटला.
एकाच खिळ्यावर दोघं राहायचे, खाली ध, वर घ;
खालचा गेला.
कोरी जागा सोडली तर क्लार्क संशय घेतो,
म्हणून मी घ मारतो,
डोक्यावरची रेघ पांढऱ्यानं अर्धी पुसतो,
पेनानं टोकाला गाठ मारतो. झाला ध.

एरवी एका कागदात एखाद-दुसरा निघतो,
आधार, धारक, फार तर धनादेश.
चौतराबाई वाव्हळे मोंढ्यातल्या हळदीवरून उठून आली
आणि म्हणाली, "लिवा दस्तगीरभाई, धर्म बदलायचाय."
कितव्यांदा?
"तिसऱ्यांदा."

मी खाली अंगठा करणारी, वय अठ्ठावन, घंदा मजुरी,
जन्माने हिंदू, लग्नानंतर ख्रिस्ती,
आता कोणाच्याही घाकदपटशाला बळी न पडता
बौद्ध घर्म...
घर्म.
शाळेत शिकलो होतो, घर्मबिंदू म्हणजे घामाचे थेंब.
तिच्या कपाळावर होते, कानामागून गळ्यापर्यंत.
मी मान खाली घालून दुरुस्ती करत राहिलो.

कारण काय लिहू?
"फादरला एक सांगितलं. पोराला एक.
पोरगं म्हणतं, दाखल्याचा घोळ होईल माय, गप बस.
खरं इचारता तर मलाच रोज येगळं वाटतं."
एकदा समजतो, बाई. पण तीनदा?
तिनं पदरानं तोंड पुसलं.
"मायच्या एकाच कुशीतून आले, भाऊ.
पन झोपताना कूस बदलतेच की म्या.
तवा कोनाला इचारावं?
आन बारशाला कुनी स्टॅम्प आनला व्हता?"

मला आजोबा आठवले.
निजामाच्या अमलात उर्दूत अर्ज लिहायचे, वळणदार.
मग वडिलांनी चाळिशीत या मशीनवर
क ख ग शोधत बोटं सोलली.
याच टेबलानं भाषा बदलली तेव्हा
कारणाचा रकाना कुणी ठेवला नव्हता.

लिहिलं : कारण – स्वखुशी.
निळ्या पॅडवर तिचा अंगठा धरला.
हळदीनं पिवळा, म्हणून ठसा हिरवा उठला.
"साबनानं जात न्हाई," ती म्हणाली,
"हंगाम सरला की जातंय आपोआप."
साठ रुपये झाले. तिनं पन्नास दिले.

नवा क्लार्क चष्मा वर करून म्हणाला,
"धर्म आला की खाडाखोड. प्रत्येक ठिकाणी. का?"
साहेब, मशीनवर येत नाही तो,
हातानं करावा लागतो.
क्लार्क हसला. आजूबाजूचे चार वकील हसले.
संध्याकाळी घरी सांगितलं.
बायको हसली नाही.

अकरा वर्षांपूर्वी याच स्टुलावर जुबेदा बसली होती,
माझी पाठची बहीण.
लग्नासाठी नव्हतं. फूस लावणारं कुणी नव्हतं.
सजद्यात डोकं टेकते आणि खोटं बोलल्यासारखं वाटतं,
एवढंच म्हणाली, आणि कागद पुढे केला.
चहा मागवला मी. तिनं घेतला नाही.
म्हणालो, मशीन बिघडलंय.
मशीन ठणठणीत होतं.
ती उठली, रस्ता ओलांडून
दिगंबर उबाळेच्या टेबलावर जाऊन बसली.
त्याच्या मशीनची टकटक मला इकडे ऐकू येत होती,
ओळ संपल्याची घंटी,
पुन्हा टकटक.

पुढे त्या कागदाची प्रत झेरॉक्सला आली.
दुकानदारानं मुद्दाम मला दाखवली.
वाचली. दोनदा वाचली.
सगळे ध स्वच्छ, कुठे पांढरं नाही, पेन नाही.
माझा हात नव्हता त्यात.